वाचकांचे प्रश्न : ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकांची स्वतःची नोंद

ग्रंथालयातून वाचायला नेलेल्या पुस्तकांची नोंद वाचकाने स्वतःकडे ठेवावी का आणि ठेवायची तर कशी, या विषयावर आलेल्या पत्रांना या वेळच्या सदरात उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून लांब पत्रांतील मुद्द्यापुरताच मजकूर घेतला आहे.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयातील देवघेव आता संगणकावर होते. मी आजवर नेलेले प्रत्येक पुस्तक त्यांच्याकडे नोंदलेले असणारच. तीच यादी मी घरी वहीत उतरवून काढणे म्हणजे दुहेरी श्रम नव्हेत का?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘असणारच’ या शब्दापाशीच घोडे पेंड खाते. हे पुस्तक या क्षणी कोणाकडे आहे आणि ते कधी परत यायचे आहे, एवढे कळावे म्हणून ग्रंथालय नोंद करते. पुस्तक परत आले की त्या नोंदीचे काम संपते, आणि काम संपलेली नोंद वाचकासाठी जपून ठेवण्याची जबाबदारी ग्रंथालयाने घेतलेली असतेच असे नाही.

संगणक येण्यापूर्वीच्या पद्धती पाहिल्या तरी हेच दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या ब्राउन पद्धतीत वाचकाजवळ खिशासारखी छोटी तिकिटे असत. पुस्तक देताना त्यातील पुस्तकपत्रिका, म्हणजे त्या पुस्तकाची ओळख लिहिलेले छोटे कार्ड, काढून वाचकाच्या तिकिटात सरकवायची आणि ती जोडी परतीच्या तारखेनुसार ट्रेमध्ये लावायची, एवढेच काम ग्रंथपालाला करावे लागे. पुस्तक परत आले की पत्रिका पुस्तकात जाई, तिकीट वाचकाच्या हाती येई, आणि त्या वाचकाने ते पुस्तक नेले होते याचा मागमूसही उरत नसे. त्यानंतरच्या न्यूअर्क पद्धतीत पुस्तकपत्रिकेवर सभासदाचा क्रमांक लिहिला जाई, तर सभासदाच्या पत्रिकेवर केवळ तारखा पडत. त्यामुळे पुस्तकाचा इतिहास पुस्तकाजवळ राही आणि वाचकाच्या हाती नावांवाचूनच्या तारखांची रांग तेवढी उरे. सभासदागणिक एक पान असलेल्या खतावणीत मात्र यादी टिकत असे. न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीच्या जुन्या खतावणीत ५ ऑक्टोबर १७८९ या तारखेला नेलेली दोन पुस्तके ‘राष्ट्राध्यक्ष’ एवढ्याच नावापुढे चढवलेली आहेत. ती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठी नेलेली होती आणि परत आलीच नाहीत. त्यांपैकी एका पुस्तकाच्या त्याच आवृत्तीची दुसरी प्रत वॉशिंग्टन यांचे निवासस्थान सांभाळणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये त्या ग्रंथालयाला आणून दिली. पुस्तक नेले आणि परत आले नाही, हे त्या खतावणीने दोन शतके सांगितले. ते वाचले गेले की नाही, हे सांगणे मात्र तिच्या आवाक्यातले नव्हते.

संगणकाने हे चित्र वाटते तितके बदललेले नाही. कोण काय वाचतो ही खाजगी बाब आहे असे ग्रंथपालांचा व्यवसाय दीर्घकाळ मानत आला आहे, आणि त्यामुळे अनेक ग्रंथालये पुस्तक परत आल्यावर सभासद आणि पुस्तक यांच्यातील दुवा मुद्दाम पुसून टाकतात. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या आणि २००० पासून वापरात असलेल्या ‘कोहा’ या मुक्त संगणकप्रणालीत तर ही निवड वाचकालाच देण्याची सोय आहे. ग्रंथालयाने ती सुरू ठेवली असेल, तर आपला इतिहास कायम ठेवावा, ग्रंथालयाच्या नियमाप्रमाणे ठराविक काळ ठेवावा की परतीच्या क्षणीच पुसावा, हे सभासद स्वतःच्या खात्यात जाऊन ठरवू शकतो. आपल्या ग्रंथालयात कोणता नियम लागू आहे हे देवघेवीच्या खिडकीवर अवश्य विचारावे. पुसलेला दुवा मागाहून कोणालाही परत आणून देता येत नाही, म्हणून हे आधी विचारलेले बरे. शिवाय ग्रंथालय एक प्रणाली सोडून दुसरी स्वीकारते तेव्हा पुस्तकांची माहिती काळजीपूर्वक हलवली जाते, पण जुन्या देवघेवीचा इतिहास तितक्याच निगुतीने हलवला जाईल याची खात्री कोणी देत नाही.

ही पुसण्याची पद्धत मला स्वतःला योग्यच वाटते. वाचकाच्या आठवणीसाठी ग्रंथालयाने सर्वांची यादी साठवून ठेवावी, अशी मागणी मी करणार नाही. आठवण आपली आहे, तेव्हा वहीही आपलीच असावी.

प्रश्न : वही घातली, नव्याचे नऊ दिवस उत्साहाने भरलीही, पण आता मागची पाने उलटली तर पुस्तकांच्या नावांपलीकडे काही हाती लागत नाही, आणि काही नावांवरून तर पुस्तकच आठवत नाही. नोंदीत नेमके काय लिहावे?

उत्तर : नोंद कोणासाठी आहे हे आधी निश्चित करावे. ती पाच-सात वर्षांनी याच वहीशी येणाऱ्या, बरेच काही विसरलेल्या आपल्यासाठी आहे. त्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे ते पुस्तक पुन्हा हाती कसे लागेल, आणि दुसरी म्हणजे ते पुन्हा हाती घ्यावे का.

पहिल्या गोष्टीसाठी मुखपृष्ठ पाहून नाव लिहिणे पुरेसे नाही. आतील नामपृष्ठ पाहावे, कारण मुखपृष्ठावर उपशीर्षक गाळलेले असते आणि अनुवादकाचे किंवा संपादकाचे नाव पुष्कळदा नामपृष्ठावरच असते. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचे नाव लिहायला विसरू नये, कारण एकाच मूळ ग्रंथाचे दोन अनुवाद उपलब्ध असताना आपल्याला आवडलेला अनुवाद कोणता, हे केवळ मूळ लेखकाच्या नावावरून कळत नाही. नामपृष्ठाच्या मागील बाजूस प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष असते, ते टिपावे. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत होऊ देऊ नये. पुनर्मुद्रणात मजकूर सहसा तोच असतो, तर नव्या आवृत्तीत प्रकरणे बदललेली असू शकतात आणि पृष्ठांक तर हमखास सरकतात.

यानंतर पुस्तकाच्या कण्यावरील चिठ्ठी पाहावी. तिच्यावरचा बोधांक म्हणजे ग्रंथालयातील त्या पुस्तकाचा पत्ता होय. बोधांकातील वर्गांक विषय सांगतो. विषयांना आकडे देणारे ड्यूई दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात ५९८ म्हणजे पक्षी आणि ५२३ म्हणजे ग्रहताऱ्यांसारखे खगोल. तो लिहून ठेवण्याचा एक लाभ वाचकांच्या लक्षात क्वचितच येतो. नाव विसरले, लेखक विसरला, तरी वहीतल्या वर्गांकावरून सरळ त्या कपाटापाशी जाता येते, आणि हवे असलेले पुस्तक नसले तरी त्याची भावंडे तेथेच उभी असतात. दाखल क्रमांक मात्र त्या विशिष्ट प्रतीचा असतो. ग्रंथालयाकडे एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर बोधांक बहुतांशी सारखा, पण दाखल क्रमांक तीन वेगवेगळे. त्याचा उपयोग कधी होतो हे पुढील एका उत्तरात येईल.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक, असल्यास लिहावा. तो १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला, त्यापूर्वी दहा अंकी होता, आणि ही पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या पुस्तकांवर तो मुळीच सापडणार नाही. तो त्या आवृत्तीचा आणि बांधणीचा क्रमांक आहे, त्यामुळे कापडी बांधणीची आणि साध्या बांधणीची प्रत यांचे क्रमांक वेगळे असतात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे दुसरीकडे तोच क्रमांक न सापडल्यास पुस्तकच नाही असा समज होत नाही.

आता दुसरी गोष्ट, म्हणजे अभिप्राय. ‘छान’, ‘माहितीपूर्ण’, ‘ठीक’ हे शेरे काही महिन्यांनी निर्जीव होतात. पुस्तकातील एखादा मुद्दा पृष्ठांकासह लिहावा आणि जे खटकले तेही लिहावे. पक्ष्यांच्या स्थलांतरावरील एखाद्या पुस्तकाची नोंद अशी होऊ शकते : ‘पृ. ११२ (प्रकरण ६) : थव्याच्या अग्रभागी उडणारा पक्षी का बदलत राहतो, याचे आकृतीसह स्पष्टीकरण. शेवटच्या दोन प्रकरणांत पुनरुक्ती. नकाशे फार लहान, भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पहिली सहा प्रकरणे पुन्हा वाचावीत.’ या चार वाक्यांतून पुस्तक डोळ्यांपुढे उभे राहते. कंसात प्रकरणाचा क्रमांक मुद्दाम दिला आहे, कारण पुढच्या वेळी दुसरी आवृत्ती हाती आली तर पृ. ११२ वर भलताच मजकूर असेल, पण सहावे प्रकरण बहुधा सहावेच राहील. एखादे वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल तर त्याला अवतरणचिन्हे अवश्य घालावीत, नाही तर काही काळाने ते वाक्य आपले की लेखकाचे, हे आपल्यालाच सांगता येत नाही.

हे सर्व लिहायचे केव्हा, हाही प्रश्न आहे. पुस्तक घरी आणल्यावर ओळखीचा तपशील आणि परतीची तारीख लिहावी, आणि अभिप्राय पुस्तक परत नेण्याच्या आदल्या दिवशी, ते समोर असताना लिहावा. परत केल्यावर लिहू म्हटले की पृष्ठांक शोधायला पुस्तकच जवळ नसते. घरच्या पुस्तकांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या नोंदीला म्हणूनच मुदत असते.

प्रश्न : अर्धवट सोडलेली, केवळ चाळलेली किंवा मुळीच न उघडता परत केलेली पुस्तके यादीत घ्यावीत का? त्यामुळे यादी फसवी होते असे वाटते.

उत्तर : अवश्य घ्यावीत, मात्र तसे स्पष्ट लिहून. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ ते १८६० या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. त्यांत वाचायच्या पुस्तकांची यादी वेगळी आणि वाचलेल्यांची वेगळी असून, वाचलेल्यांतही काही ठिकाणी पुस्तक नुसते चाळल्याचा उल्लेख आहे. एवढा प्रामाणिकपणा आपल्याही वहीला पुरे. पुस्तक कोठे सोडले तो पृष्ठांक आणि सोडण्याचे कारण एका ओळीत लिहावे. ‘पृ. ६० नंतर सोडले, परिभाषा अवघड, आधी एखादे प्राथमिक पुस्तक हवे’ ही नोंद पुढे कामाची ठरते. ‘मुदत संपली, पुन्हा आणायचे’ हे अगदी वेगळे कारण आहे. कारण न लिहिल्यास दोन्ही पुस्तके नावडलेलीच वाटू लागतात.

तेच पुस्तक पुन्हा आणले तर जुन्या नोंदीत कोंबाकोंबी न करता नवी ओळ घालावी आणि ‘पाहा क्र. ४१’ असा निर्देश करावा. मत बदलले असेल तर ते दोन्ही ठिकाणी जसेच्या तसे राहू द्यावे.

प्रश्न : मी वहीऐवजी संगणकावर तक्ता केला आहे. पण आयएसबीएनच्या रकान्यात विचित्र आकडे दिसतात, तारखांचा क्रम लागत नाही आणि एकाच लेखकाची पुस्तके तीन ठिकाणी विखुरतात. वहीच बरी होती का?

उत्तर : शोधाशोध करायची असेल तर तक्ता वहीपेक्षा निश्चितच बरा. आपण सांगितलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ आकड्यांना आणि नावांना शिस्त न लावण्यात आहे.

तेरा अंकी आयएसबीएन ही संख्या आहे असे समजून तक्त्याची प्रणाली तो ‘९.७८ई+१२’ अशा संक्षिप्त रूपात दाखवते, आणि दहा अंकी जुन्या क्रमांकाच्या आरंभीचे शून्य तर उडवूनच टाकते. वर्गांकाचीही तीच गत होते. संगणकशास्त्राचा ००४ हा वर्गांक नुसता ४ होऊन बसतो. यासाठी आयएसबीएन, वर्गांक आणि दाखल क्रमांक हे रकाने ‘मजकूर’ या प्रकारचे ठरवावेत, आणि तेही आकडे भरण्यापूर्वी, कारण उडालेले शून्य रकान्याचा प्रकार मागाहून बदलून परत येत नाही. तारखेसाठी आधी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस, म्हणजे २०२४-०३-०७ अशी आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातील मांडणी वापरावी. प्रणालीने तिला तारीख न मानता साधा मजकूर मानले तरी क्रम बरोबर लागतो. मात्र अंक देवनागरी की इंग्रजी, हे एकदा ठरवून सर्वत्र एकच लिपी ठेवावी.

लेखकांच्या नावांचा प्रश्न मराठी वाचकाला अधिक छळतो. आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरे की पूर्ण नाव, परदेशी लेखकाचे नाव देवनागरीत कसे लिहायचे, या प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पर्याय असतात आणि संगणकाच्या लेखी ती दोन-तीन निरनिराळी माणसे असतात. ग्रंथालयाच्या तालिकेत नाव जसे दिले असेल तसेच आपण घ्यावे, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. आपल्याला ते रूप पटत नसले तरी शोध घेताना तेच उपयोगी पडते. वर्षातून एकदा तक्त्याची प्रत सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात काढून ठेवावी आणि त्या वेळी यूटीएफ-८ हा अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचा पर्याय निवडावा, अन्यथा पुढे उघडताना देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसण्याचा संभव असतो.

‘लायब्ररीथिंग’ (आरंभ २००५) आणि ‘गुडरीड्स’ (आरंभ २००७) यांसारख्या संकेतस्थळांवर यादी ठेवावी का, असेही काहींनी विचारले आहे. पुस्तकाचा तपशील तेथे आयता मिळतो, ही सोय मोठी आहे. पण जुनी मराठी पुस्तके तेथे अनेकदा सापडत नाहीत, बोधांक आणि दाखल क्रमांक यांना गुडरीड्सवर सहजी जागा नसते, आणि संकेतस्थळाची मालकी व धोरणे बदलतात. गुडरीड्स २०१३ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतले, हे त्याचेच उदाहरण. यादी इतरांना दिसते की नाही, हे खाते उघडताच तपासावे. जी गोष्ट ग्रंथालय काळजीपूर्वक पुसून टाकते ती आपण अनवधानाने चारचौघांत मांडलेली असू नये. दोन्ही संकेतस्थळांवरून स्वतःची यादी उतरवून घेता येते, ती वेळोवेळी घ्यावी.

प्रश्न : मी परत केलेले पुस्तक अजून माझ्याच नावावर असल्याचे ग्रंथालय सांगते. माझ्या वहीत परतीची तारीख आहे. तो पुरावा मानला जाईल का?

उत्तर : पुरावा म्हणून नाही, कारण ती नोंद आपली आपणच केलेली आहे. परंतु शोधाला ती फार मदत करते. असे प्रकार बहुधा परतीच्या वेळी पुस्तकाची नोंद न होता ते थेट कपाटात गेल्याने घडतात. म्हणून वाद न घालता बोधांक आणि दाखल क्रमांक कागदावर लिहून द्यावा आणि कपाटात पाहण्याची विनंती करावी. दाखल क्रमांकाचे महत्त्व येथे कळते. कपाटात त्याच पुस्तकाची एक प्रत सापडली, एवढ्याने आपली सुटका होत नाही, कारण ती दुसरीच प्रत असू शकते. क्रमांक जुळला की प्रश्न मिटला. शेजारच्या कपाटांतही पाहायला सांगावे, कारण नोंद चुकलेले पुस्तक जागाही चुकण्याची शक्यता असते. परतीची पावती किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश मिळत असेल तर तो मात्र पुरावाच आहे. पुढच्या पुस्तकाची नोंद होईपर्यंत तरी तो पुसू नये.

प्रश्न : एकाच सभासदत्वावर आमच्या घरातील चौघे वाचतात, त्यांत दोन मुले आहेत. नोंद एकत्र ठेवावी की वेगवेगळी?

उत्तर : परतीच्या तारखांची नोंद एकत्र असावी, कारण दंड एकाच खात्यावर पडतो. वाचनाची नोंद ज्याची त्याने ठेवावी. मुलांच्या वहीत मोठ्यांनी आपल्या हाताने अभिप्राय लिहू नये, आणि मूल एकाच पुस्तकासाठी पुन्हा पुन्हा हट्ट धरत असेल तर तेवढ्या वेळा ते नोंदू द्यावे.

प्रश्न : मी अनेक वर्षे ग्रंथालयाचा सभासद आहे, पण नोंद कधीच ठेवली नाही. आता मागची यादी जुळवता येईल का?

उत्तर : काही अंशी येईल. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यात जुना इतिहास दिसतो का, हे प्रथम पाहावे, आणि दिसत असेल तर लगेच उतरवून घ्यावा. पुस्तक दिल्याचे, मुदत वाढवल्याचे आणि परतीची आठवण करून देणारे ई-मेल शोधून काढले तर पुष्कळ नावे हाती लागतात. त्याखेरीज आपण नेहमी ज्या विषयांची पुस्तके नेत आलात त्या कपाटांपुढून एकदा सावकाश फिरावे. कण्यांवरची नावे वाचताना विसरलेली पुस्तके ओळखीची वाटू लागतात. अशी आठवणीतून केलेली यादी मात्र वहीच्या शेवटच्या पानांवर, ‘तारीख अनिश्चित’ असा शेरा देऊन वेगळी लिहावी आणि अंदाजाने तारखा घालू नयेत. या कामात फार दिवस घालवण्याचेही कारण नाही. सध्या घरात असलेल्या पुस्तकांची नोंद आजच सुरू करावी, मागची यादी सवडीने होईल.